छान हा वास नसतो

आमच्या घरात सकाळच्या चहाआधी एक बरणी फिरते. काचेची, रुंद तोंडाची, पोटाला रबरबँड बांधलेली. आत पावाचं विरजण. म्हणजे नुसती कणीक आणि पाणी, पण आंबून आंबून असं जिवंत झालेलं, की झोपताना रबरबँडापाशी असतं आणि उठेपर्यंत झाकणाला डोकं टेकतं. बाजारातलं यीस्ट न घालता ह्याच्यावर पाव फुगतो. लोक त्याला स्टार्टर म्हणतात. माझे सासरे त्याला शेंडेफळ म्हणतात, कारण सासूबाईंनी ते नोकरीतून निवृत्त झाल्यावर सांभाळायला घेतलं.

बरणी हातात आली की झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि वास सांगायचा. नुसता 'येतोय' म्हणून चालत नाही. कशासारखा येतोय ते सांगायचं, त्याशिवाय चहा नाही. पाहुणा असो, दूधवाला असो, गॅसची नळी तपासायला आलेला माणूस असो, कुणाची सुटका नाही. एक विमा विकणारा आला होता, त्यानं बराच विचार करून सांगितलं, "बंद लॉकर उघडल्यासारखा." सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्याला पावाचा कडेचा जाड तुकडा लोण्यासकट मिळाला. विमा मात्र कुणी घेतला नाही.

हे खूळ आमच्या घरात कसं शिरलं ते सांगते. त्यासाठी आधी सासूबाई कळायला हव्यात.

सासूबाईंचं नाक हीच त्यांची नोकरी होती. साबणाच्या कारखान्यात त्या वास तपासायच्या. पांढऱ्या टाइल्सची एक खोली, टेबलावर ताज्या मालाच्या वड्या ओळीनं मांडलेल्या. एकेक उचलायची, हुंगायची आणि बोलायचं. ह्यात लिंबू जास्त झालंय, ह्यातलं तेल खवट आहे, ही वडी ज्यानं कापली त्यानं डबा खाऊन हात धुतलेले नाहीत. त्या खोलीत 'छान' म्हणायला बंदी होती आणि ती ह्यांनीच घातली होती. नवी मुलगी कामाला लागली, वडी हुंगून "छान आहे" म्हणाली, की ह्या शांतपणे म्हणायच्या, "छान हा वास नसतो. छान हे तुझं मत झालं. मला वास सांग."

घरी तर विचारू नका. माझ्या नवऱ्यानं कॉलेजात असताना पहिली सिगारेट ओढली. मग लिंबाची गोळी चघळली, मित्राच्या घरी हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि मोठा शहाणा होऊन घरी आला. दारातच आई म्हणाली, "साबण कुणाच्या घरचा?" बिचाऱ्यानं उंबऱ्यावरच सगळं कबूल करून टाकलं.

मी पहिल्यांदा ह्यांच्याकडे आले तेव्हा नवी साडी, केसांना नीट पिनाबिना. सासूबाईंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे मांजर आहे. तुझ्या उशीवर झोपतं." खरं होतं, पण माझा पारा चढायला तेवढं पुरतं. घरी जाऊन आईला म्हटलं, ह्या बाईचं आणि माझं जमायचं नाही. जमलं, पण ते फार नंतर.

सासऱ्यांचा सगळाच मामला उलटा. खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की हे म्हणणार, "छान." शर्ट पोटावर ताणलाय, छान. बाही बोटांपर्यंत आलीये, छान, धुतल्यावर आटेल. ह्या एका शब्दावर त्यांनी दुकान चालवलं आणि माझ्या मते संसारही. एकाला जो शब्द चालत नाही तोच दुसऱ्याच्या तोंडून सुटत नाही, आणि तरी ही दोघं इतकी वर्षं एका ताटाशी कशी बसली ह्याचं मला आजही कुतूहल आहे.

मग एका तापात ते नाक गेलं.

ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत येईना. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मी म्हटलं, चला, आता घरात चोरून काही खाता येईल. मग एक दिवस दूध उतू जाऊन करपलं. खोली धुरानं भरली आणि ह्या शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेल्या. धूर डोळ्यांना दिसला तेव्हा उठल्या. करपलेलं पातेलं नाकापाशी धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काहीच येत नाहीये गं." त्यानंतर त्या दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागल्या. बाहेर निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "माझ्या अंगाला वास येत नाही ना? खरं सांग." सगळ्या जगाचा वास सांगणारी बाई, तिला स्वतःचा कळत नव्हता.

नाकाचे डॉक्टर म्हणाले, नाकाला शिकवणी लावा. त्यांनी चार बाटल्या दिल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज हुंगायच्या. थोड्या दिवसांनी सासूबाई हसतमुखानं म्हणाल्या, "आज गुलाब आला." घरात आनंदीआनंद. सासऱ्यांनी शेजारी सांगितलंसुद्धा.

मला मात्र चैन पडेना. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. माणसं समोरची अक्षरं पाठ करून बसतात हे मला पक्कं ठाऊक आहे. शेवटची ओळ घडाघडा म्हणतात आणि बाहेर पडताना काचेच्या दाराला धडकतात. खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच वाटतं की दिसलं. मी गुलाबाच्या बाटलीवरचं लेबल काढून लवंगेच्या बाटलीला चिकटवलं. सासूबाईंनी ती हुंगली आणि म्हणाल्या, "गुलाब."

मी त्यांना सांगून टाकलं. नवरा माझ्यावर भडकला, सासरे जेवले नाहीत. पण सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. नाव वाचलं की वास मन घेतं, नाक नाही. मला असं काहीतरी पाहिजे, ज्याचं नाव रोज बदलेल." त्या दिवसापासून आमचं जमलं असं मी धरते.

ते 'काहीतरी' मावशी घेऊन आली. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि तिच्याकडे हे विरजण बरीच वर्षं आहे. तिनं अर्धं काढून बरणीत आणलं. "ताई, हे घे. ह्याला भूक लागली की एक वास येतो, पोट भरलं की दुसरा. थंडीत वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. लेबल लावून बघ, टिकायचंच नाही."

तेव्हापासून बरणी फिरायला लागली. आधी आम्ही सांगायचं, शेवटी त्या हुंगणार आणि म्हणणार, "काही नाही." मग झाकण लावायचं आणि आमच्या सांगण्यावरून ठरवायचं. दही म्हटलं, तर ठीक चाललंय. नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा म्हटलं, तर उपाशी आहे, कणीक घाला. हिरव्या सफरचंदासारखा म्हटलं, तर आज पाव. माझ्या नवऱ्याला बहुतेक वेळा ओल्या मोज्यांचा वास यायचा. मी मनाला येईल ते, पण खरं सांगायचे. आणि सासरे?

"छान."

"अहो, छान हा वास नसतो."

"मग गोड."

"गोड ही चव."

"मग तुझ्यासारखा."

"तिकडे द्या ती बरणी," सासूबाई म्हणायच्या, आणि कान लाल व्हायचे ते त्यांचेच.

सुरुवातीचे पाव भिंतीत बसवण्याजोगे झाले. एक तर आम्ही बरेच दिवस दाराला टेकण म्हणून वापरला. पण बाई खटपटी. नाक नाही तर नाही, कान लावून शिकल्या. पाव उलटा करून बुडाला टिचकी मारायची, पोकळ आवाज आला तर भाजला. ओव्हनमधून बाहेर काढला की त्याचं कवच तडतड वाजतं, तेव्हा आम्हाला कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. कणीक कुठल्या दिवशी जास्त पाणी पिते, झाकण उघडल्यावर बुडबुडे एकदम बसतात की हळूहळू, सगळ्याची चौकशी. "हे असं का होतं?" हा प्रश्न त्या कुणालाही विचारायच्या, उत्तराची फारशी वाट न बघता. आणि रोज शेवटी तेच. काही नाही.

थंडी पडली तशी बरणी थंड ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवायला लागलो. तेवढी ऊब तिला पुरते. पण कुणी न बघता ओव्हन लावला तर शेंडेफळाची राख. म्हणून सासूबाईंनी दुकानातल्या चिंध्यांतून लाल कापडाची एक फीत फाडून आणली. फीत ओव्हनच्या मुठीला बांधलेली असेल तर आत बरणी आहे, ओव्हनला हात लावायचा नाही. फीत नसेल तर खुशाल लावा. इतका सरळ नियम.

मग डॉक्टरांकडे पुन्हा जायचा दिवस आला. आम्ही दोघी निघताना सासूबाई म्हणाल्या, "अहो, मी नुसतं पीठ भिजवून ठेवलंय, आल्यावर विरजण घालीन. ते फुगायला ऊब लागेल, म्हणून आम्ही यायच्या सुमारास ओव्हन तापवून ठेवा, आधी फीत बघून बरणी काढा." सासरे म्हणाले, "तू जा गं निवांत."

डॉक्टरांनी तपासलं, वेगवेगळे कागद हुंगायला दिले. सासूबाई प्रत्येकाला प्रामाणिकपणे 'काही नाही' म्हणत गेल्या. डॉक्टर चांगले होते, त्यांना सांगताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. म्हणाले, "आता फार आशा धरू नका. सवय करून घेतलेली बरी."

परत येताना त्या झपझप पुढे चालत होत्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उद्या बरणी शेवटची फिरवू. एक पाव भाजू आणि बरणी धुऊन ठेवू. रोज सकाळी सगळ्यांदेखत नापास व्हायचं, पुरे झालं मला."

जिन्यातच मला वास आला. जळलेलं रबर आणि कोळसा झालेलं पीठ. सासूबाई माझ्यापुढे एकेक पायरी चढत होत्या, त्यांना अर्थातच काही कळलं नाही. दारात सासरे उभे, खिडक्या सताड उघड्या, चेहरा पांढराफटक. बायकोच्या डोक्यावरून ते मला हातानं खुणा करत होते. सासूबाई म्हणाल्या, "मला पडू दे जरा. पीठ फ्रीजमध्ये टाका, पाव उद्या." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात मी सासऱ्यांना दबक्या आवाजात फैलावर घेतलं. "फीत बघितली नाहीत?"

"बघितली. नव्हती."

"नव्हती कशी? मी जाताना पाहिली होती."

सासऱ्यांनी खिशात हात घातला आणि लाल फीत बाहेर काढली. झालं होतं असं, की फितीच्या कडांचे धागे सुटत होते आणि ते त्यांना रोज खुपत होतं. शिंप्याच्या घरात असली चिंधी टांगलेली बघवेना. म्हणून आम्ही गेल्यावर त्यांनी ती सोडून दुकानात नेली आणि कडा दुमडून सुबक टीप मारली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला छान छान म्हणून वाटेला लावलं, वर आले, मुठीकडे नीट निरखून बघितलं. फीत नव्हती. फीत त्यांच्याच खिशात होती. ओव्हन लावला आणि खाली गेले.

"नियम पाळला की गं मी," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी त्यांना बरणीचं आणि उद्याचं सांगितलं. त्यांनी चपला पायांत सरकवल्या. म्हणाले, "शेवटचा तर शेवटचा, पण पाव तिला करता आला पाहिजे. मी मावशीकडून आणतो. एकाच आईची दोन पोरं ती, कुणाला कळणार?" मला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं. ते मावशीकडे गेले, मी बरणी घासून लख्ख केली, नवा रबरबँड घातला. रात्रीपर्यंत सगळं होतं तसं झालं. नवऱ्यालाही आम्ही सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

सकाळी सगळे टेबलाभोवती बसलो. सासऱ्यांनी बरणी घेण्यासाठी हात पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "आज मी आधी."

झाकण काढलं आणि नाक आत घातलं. आम्ही वाट बघत होतो त्या दोन शब्दांची. ते आलेच नाहीत. त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. कपाळाला आठ्या पडल्या.

"केळं," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढली.

"पिकून काळं पडलेलं केळं. आणि हे माझं नाही."

"अगं, तुझं कसं नाही? बरणी तुझीच," सासरे म्हणाले.

"बरणी माझी. आतलं माझं नाही."

मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण त्याआधी माझ्यातली डोळे तपासणारी बाई जागी झाली. रंग बघितला असेल. सासऱ्यांचा चेहरा बघितला असेल. गुलाब आला होता तसंच हेही असेल, आणि आता पुन्हा खोटं निघालं तर ह्या बाईला सोसायचं नाही. मी म्हटलं, "आई, डोळे मिटा." त्यांनी लगेच मिटले. मी तीन वाट्या घेतल्या. एकीत बरणीतलं, एकीत फ्रीजमधलं विरजण न घातलेलं पीठ, एकीत नुसतं पाणी. एकेक नाकाखाली धरली. "पहिलं स्पष्ट, की दुसरं, की तिसरं?"

"दुसरं."

मी वाट्यांची जागा बदलली. "आता?"

"पहिलं. बाकीच्यांत काही नाही."

पुन्हा बदलली. पुन्हा बरोबर. दुकानात मी कुणाला इतक्यांदा विचारत नाही. माझ्या हातून वाटीतलं पाणी टेबलावर सांडलं. "उघडा डोळे," मी म्हटलं. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिला.

सासूबाईंचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. त्या पुन्हा बरणीत शिरल्या होत्या. "केळ्याच्या मागं आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "ओलं लाकूड. पावसाळी फडताळ. हे माझ्या बहिणीच्या फडताळातलं आहे." मग झाकण लावून त्यांनी सासऱ्यांकडे मान वळवली. "माझं कुठाय?"

सासऱ्यांनी सगळं सांगितलं. फीत, टीप, गिऱ्हाईक, रबर. सांगता सांगता ते हसतही होते आणि रडतही होते. चोरी पकडली गेल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"तुम्हीच फीत सोडलीत, आणि तुम्हीच फीत नाही म्हणून ओव्हन लावलात?"

"धागे सुटत होते गं तिचे."

नवरा खो खो हसत सुटला. सासूबाईंनी बरणी जवळ ओढली. "असू दे हे," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस आपल्या घरचं खाल्लं की आपल्यासारखंच होईल. ही नाही का झाली?" हे माझ्याकडे बोट करून. "आणि ती फीत द्या इकडे."

सासऱ्यांनी खिशातून फीत काढून दिली. सासूबाईंनी ती उलटसुलट केली, कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं टीप बघतायत. तर त्यांनी ती नाकाला लावली आणि तशाच थांबल्या.

"मशीनचं तेल," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांचे हात जन्मभर त्याच तेलात आहेत. त्यांचे शर्ट, उशी, रुमाल, सगळ्याला तो वास. आम्हाला तो आता येतसुद्धा नाही. ते खुर्ची ओढून बायकोच्या जवळ बसले आणि आयुष्यात कधी नव्हे ते घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"छान," त्या म्हणाल्या.

"आई, छान हा वास नसतो," मी म्हटलं.

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या, आणि फीत काही नाकापासून काढली नाही.